रीतसर बघायला येतो

पांढुर्ण्यात रस्त्यावर कोणी हेल्मेट घालत नाही. पोलीस दिसला तर ते हँडलवरून डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की पुन्हा हँडलवर जाऊन लटकतं. म्हणून त्या गुरुवारी मृणाल दवाखान्याचा जिना चढून वर आली आणि बाकावर एक माणूस चक्क हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसलेला दिसला, तेव्हा ती दारातच थबकली.

आधी वाटलं, कुरिअरवाला असेल. मग वाटलं, चोरबीर तर नाही ना... पण चोर असा गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा कशाला बसेल?

तिला हसू आलं. पण हसायला तोंड मोकळं होतंच कुठं! तिनं स्वतः ओढणी डोक्यावरून, कपाळावरून, नाकावरून अशी गुंडाळली होती की डोळे तेवढे बाहेर. बाक एकच होता. ती दुसऱ्या टोकाला बसली.

थोड्या वेळानं हेल्मेटच्या आतून आवाज आला, "पंखा लावू का जी?"

"थंडीच्या दिवसात?"

"मले गरम होऊन राहिलं."

"मग ते डोक्यावरचं काढा ना!"

हेल्मेट तिच्याकडे वळलं. मग आवाज आला, "तुम्ही काढता का तुमचं?"

बाई गं! मृणालनं मान फिरवली आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बसली. पोस्टरवर एका गोऱ्यापान बाईचे कमरेपर्यंतचे केस होते. ते बघून तिला आणखीनच राग आला.

खाली औषधाचं दुकान, वर हा त्वचेचा आणि केसांचा दवाखाना. नागपूरचे डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे. मृणाल सौंसरची, तिथल्याच एका शाळेत चौथीला शिकवायची. दोन वर्षांमागं डेंग्यू झाला, ताप उतरला आणि केस जायला लागले. सगळ्यांचे जातात, परत येतात म्हणे. हिचे आले नाहीत. भांग रुंदावत गेला. एका पोरीनं तर वर्गात उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या डोक्यात रस्ता बांधून राहिले का?" सगळा वर्ग हसला. मृणालही हसली आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडली. सौंसरमध्ये औषध घ्यावं तर संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून पांढुर्णा. घरी फक्त आईला, प्रेमलताबाईंना ठाऊक होतं. बाबांना सांगितलं होतं की शाळेचं प्रशिक्षण आहे.

"कुठच्या तुम्ही?" हेल्मेटनं पुन्हा विचारलं.

"वरूडची," मृणालनं ठोकून दिलं. "तुम्ही?"

"मोहगावचा."

"मोहगावहून गाडीनं आले?"

"नाही, बसनं. गाडी सौंसरलेच ठेवली... म्हणजे, मोहगावलेच आहे गाडी."

"बसमध्ये हेल्मेट?"

"हो मग. बसचा काय भरोसा आजकाल?"

आता मात्र तिला हसू आवरेना. ओढणीच्या आत ती इतकी हसली की नाकावरून ओढणी घसरली. त्याच वेळी त्यानं काच वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सावळा चेहरा, घामानं डबडबलेलं कपाळ आणि डोळे असे की आत्ताच काहीतरी खोडी करून आलेत. तिनं झटकन ओढणी सावरली, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात नर्स जयश्रीताई आल्या. अंगानं भक्कम, बोलायला त्याहून भक्कम. "चला, काढा दोघंही. डोकं झाकून डोक्याचा इलाज होत नाही."

काय करतील बिचारे! त्यानं हेल्मेट काढलं, तिनं ओढणी. त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागं सरकले होते आणि टाळूवर रुपयाएवढा चांद. तिचा रुंद भांग. दोघांनी एकमेकांच्या डोक्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच समजावलं. हातातून रक्त काढायचं, ते मशीनमध्ये फिरवायचं, म्हणजे त्यातला पिवळसर भाग वेगळा होतो. जखम भरून आणणारे कण त्यात जास्त असतात. तोच भाग बारीक सुईनं डोक्याच्या कातडीत सोडायचा, म्हणजे झोपलेली मुळं जागी होण्याची आशा. पीआरपी म्हणतात त्याला. महिन्याच्या अंतरानं यावं लागेल, धीर धरावा लागेल आणि सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही.

रक्त काढून झालं. मशीन घुरघुरायला लागलं. कापूस दाबून दोघं पुन्हा त्या बाकावर.

"मशीनले जोडी लागते," जयश्रीताई सांगत होत्या. "एकाच बाजूले नळी ठेवली तर थडथडते. समोर तेवढ्याच वजनाची दुसरी पाहिजे. आज तुम्ही दोघंच आहा, म्हणून तुमच्या समोर यांची ठेवली. नावं लिहिली आहेत, घाबरू नका."

त्या आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझं रक्त तुमच्या मागं लागून राहिलं."

"मागं नाही, समोर आहे. आणि झाकण बंद आहे."

"गोटमारीच्या जत्रेत दगड लागून डोकं फुटलं असतं तर परवडलं असतं. तिथं निदान लोक वाहवा करतात. इथं स्वतः पैसे देऊन डोक्यात सुया टोचून घ्या!"

"मग जायचं होतं ना नदीपलीकडे, सावरगावच्या बाजूनं उभं राहायला."

"गेलो असतो. पण तुम्ही भेटल्या नसत्या ना..."

तिनं कापूस फार वेळ दाबून धरला.

सुया व्हायच्या त्या झाल्या. दुखलं, डोळ्यांत पाणी आलं. ती खाली उतरली, स्टँडवर आली, बसमध्ये खिडकीशी बसली. वरूडची पोरगी सौंसरच्या बसमध्ये! आणि शेजारच्या सीटवर कोण येऊन बसावं? मांडीवर हेल्मेट घेऊन मोहगावचे पाहुणे. मोहगाव आलं, बस थांबली. तो उतरला नाही. सौंसरच्या स्टँडवर दोघं एकाच दारातून उतरले आणि तो म्हणाला, "मी कुलदीप. वरूड लवकर आलं नाही?"

"मृणाल," ती म्हणाली.

असं जमलं ते. हसण्यातनं जमलं.

कुलदीपच्या घरची संत्र्याची बाग होती आणि बाजारात खतं-बियाण्यांचं दुकान. दुसऱ्या वेळी तो दवाखान्यात आला तो खिसे भरून संत्री घेऊन. मशीन फिरत असताना सोलून एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवायचा. बोटं लागायची... दोघंही काही बोलायचे नाहीत. फोनवर मात्र बोलणं संपायचं नाही. डोक्याला पाणी लावलं की नाही, उशीवर आज किती केस पडले, आरशासमोर कोण किती वेळ उभं होतं — जगात कोणाशी बोलता येणार नाही ते ती त्याच्याशी बोलायची. तोही सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक खाली वाकून बियाण्याचं पाकीट उचललं की त्याला वाटायचं, हा आता वर बघताना माझ्या टाळूकडे बघणार. म्हणून केसांत काळी पूड भुरभुरून जायचा. घरी कोणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही.

"माझ्यासमोर पूड नका लावत जाऊ," एकदा ती म्हणाली.

"काहून?"

"मले तुमचा चांद आवडते."

फोनवर तो म्हणाला, "असं कोणी मले आजपर्यंत म्हटलं नाही, मृणाल." आणि मृणालला कळून चुकलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, अगदी पार, परतायला वाट नाही असे.

तिसऱ्या वेळी त्यानं विषय काढला. डोक्यात सुया टोचून घेऊन आलेले दोघं स्टँडवर उभे होते, अंगावर ऊन घेत.

"मी घरी बोलतो," तो म्हणाला. "रीतसर बघायला येतो तुला."

"रीतसर म्हणजे?"

"म्हणजे मध्यस्थ येईल, बायोडाटा देईल, पत्रिका जुळवतील. जातीपातीचा प्रश्नच नाही, सोयरिकीत बसून राहिलं सगळं. आपण एकमेकांले ओळखतच नाही असं दाखवायचं."

"काहून पण? सरळ सांगा ना, आम्ही भेटलो, पसंत आहे."

"कुठं भेटलो म्हणून सांगू? दवाखान्यात? कोणत्या?" त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझंही निघंल, माझंही निघंल. सौंसरले ओळखतेस ना तू?"

ती ओळखत होती. तिला तरी कुठं जगासमोर डोकं उघडं करायचं होतं? पण एक काटा सलत होता. "आणि केसांचं कोणी विचारलं तर? विचारतातच हो बायका."

"मी आहे ना. मी बोलीन. तू फक्त पोहे घेऊन ये." तो हसला. "शपथ घेऊ का? जामसांवलीच्या मारुतीची घेतो."

"देवाले मधात नका आणू. तुम्ही बोलाल ना, बस."

"बोलीन म्हणजे बोलीन."

मृणालनं आईला सगळं सांगितलं. प्रेमलताबाईंना आनंद तर झालाच, पण त्यांनी आयुष्य पाहिलं होतं, त्यांना शंका आली. "पोट्टा खरंच बोलंल का वो? मायसमोर भल्याभल्यांची वाचा बसते."

"बोलीन म्हणाला आई."

"मग बोलंल," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि पोह्यांसाठी शेंगदाणे निवडायला बसल्या.

रविवारी आले पाहुणे. कुलदीप, त्याचे आईवडील आणि त्याची विजयमालाआत्या. आत्या म्हणजे या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. तिनं हो म्हटल्याशिवाय त्या घरात गाय विकत घेत नसत. कुलदीपनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांत पूड इतकी भरली होती की मृणालला दारातूनच हसू फुटलं. ती पोहे घेऊन आली, वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

कुलदीपनं गंभीर चेहरा करून विचारलं, "आपण... कोणत्या वर्गाला शिकवता?"

"चौथीला." तिनं ओठ चावला. "आपलं दुकान कोणतं म्हणाले?"

"खताचं."

"अच्छा. नाव ऐकलं आहे."

त्याच्या डोळ्यांत ती खोडी चमकली. मृणालला वाटलं, अजून अर्धा तास, मग सगळं आपलं. बाबा संत्र्याच्या भावाचं विचारत होते, कुलदीपचे वडील ऐसपैस बसले होते. सगळं कसं छान चाललं होतं.

मग आत्यानं बशी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "इकडं ये बाई. बस माझ्याजवळ. केस सोड बरं जरा."

प्रेमलताबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर घट्ट धरला.

"आत्याबाई, आता कोण पाहते असं..." बाबा म्हणाले.

"आमच्याकडं पाहतात. त्यात काय? माझेही पाहिले होते. अन् आमच्या घराण्यात केसांचं दुखणं कोणालेच नाही बरं. हा कुलदीप पाहा, तिशीले आला, कसे दाट आहेत पोराचे!"

मृणालनं कुलदीपकडे पाहिलं. आता. आताच बोल. तो बशीतले पोहे चमच्यानं एका बाजूला सारत होता.

तिनं क्लिप काढली. केस खांद्यावर आले आणि वरचा भांग उघडा पडला. नवी लव फुटायला लागली होती, पण ती कोणाला दिसणार? दिसायचं तेच दिसलं. आत्यानं बोटानं भांग चाचपला, बाजारात वांगं चाचपतात तसा.

"बायोडाटातल्या फोटोत तर दाट होते."

"तो जुना फोटो आहे, आत्याबाई. डेंग्यूनंतर गेले. आता औषध सुरू आहे." खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता आणि समोर बसलेल्या माणसावर तिचा भरवसा होता. "पांढुर्ण्याला जाते मी. पीआरपी म्हणतात. आपलंच रक्त काढून, त्यातला भाग डोक्यात इंजेक्शननं देतात."

"माय वो!" आत्या मागं सरकली. "डोक्यात रक्ताच्या सुया? अन् हे आम्हाले कोणी सांगितलं नाही?" मग ती भाच्याकडे वळली. "काहून रे कुलदीप? तुले माहीत होतं का हे?"

आता बघा. एवढंच म्हणायचं होतं त्याला की हो आत्या, मला माहीत आहे. माझेही गळतात, मीही तिथंच जातो. एका दमात झालं असतं. फार तर घटकाभर आरडाओरडा झाला असता, कोणी हसलं असतं, आणि उन्हाळ्यात लग्न लागलं असतं. मृणाल त्याच्याकडे बघत होती. सगळा जीव डोळ्यांत आणून बघत होती.

कुलदीपनं चमचा खाली ठेवला. कपाळावर घाम आला होता, त्यात पूड मिसळून एक काळा ओघळ कानाकडे निघाला होता. त्यानं तो रुमालानं पटकन टिपला.

"नाही आत्या," तो म्हणाला. "मले काहून माहीत राहील? मी तर आजच पाहून राहिलो यांना."

मृणालला तेव्हा रडू आलं नाही. तिला सांगता आलं असतं की रुमाल दाखवा तो. तिच्या जिभेवर आलंसुद्धा. पण तिला वाटलं, आता बोलेल. हे तोंडातून निसटलं असेल, आता पुढच्या वाक्याला बोलेल. ती केस मोकळे सोडून तशीच बसून राहिली, पाहुणे उठले, चपला घातल्या, फाटक वाजलं. तरी ती वाट पाहत होती.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. जुळलेली पत्रिका जुळत नाही! बाबा तिच्यावर चिडले, "तुले सांगायची काय गरज होती?" प्रेमलताबाई मात्र लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि तेल लावायचं नाही म्हणून नुसतीच बोटं फिरवत राहिल्या.

त्याचे फोन आले. तिनं उचलले नाहीत. मग मेसेज आले, लांबच लांब. मी घाबरलो होतो, आई आजारी पडेल, थोडा वेळ दे... ती सगळे वाचायची, आणि वाचून झाल्यावर पुन्हा वाचायची, कारण राग आला म्हणून प्रेम लगेच उठून जात नाही. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

चौथ्या वेळी ती एकटीच गेली. जयश्रीताईंनी मशीनमध्ये तिच्या नळीसमोर पाण्याची नळी ठेवली. "ते दुसऱ्या वारी येतो म्हणाले, पण डॉक्टर काय त्यांच्यासाठी वार बदलतात?" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मशीनचं झाकण लावलं.

उन्हाळा आला. पांढुर्ण्याचं ऊन म्हणजे विचारू नका, डांबर चपलेला चिकटतं. मृणालच्या भांगावर मात्र खरंच केस येत होते. बारीक, हट्टी, सरळ उभे राहणारे. डॉक्टर खूश होते. आणखी एकदा या, म्हणाले. त्या गुरुवारी ती ओढणी न बांधता जिना चढली, आणि बाकावर कुलदीप.

हेल्मेट नव्हतं. तो वाळला होता. टाळूवरचा चांद नव्या केसांनी पुष्कळ झाकला गेला होता. तिला पाहून तो उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला.

"आज येशील म्हणून जयश्रीताईंना विचारून आलो."

"बरं."

"बस ना, मृणाल. एकदा बोलू दे फक्त."

ती बसली. बाकाच्या टोकाला नाही, जवळच. 

"मी हरामखोरपणा केला," तो म्हणाला. "झोप नाही लागत मले. दुकानात बसतो अन् तेच दिसते, तू केस मोकळे सोडून बसली अन् मी पोहे खाऊन राहिलो. तुझ्याशिवाय मले नाही जमत. प्रेम आहे माझं तुझ्यावर. आता मी कोणाले भीत नाही. आईले सांगतो, आत्याले सांगतो, सगळ्या सौंसरले सांगतो, हो, माझेही केस गळतात. अन् आता तर तुझेही आले ना? आत्याले दाखवू. ती हो म्हणंल."

शेवटचं तिला खुपलं. पण आधीचं इतकं गोड होतं की तिनं ते बाजूला सारलं. माणूस चुकतो. चुकला, आला, माफी मागून राहिला. आणखी काय पाहिजे? नाही म्हणायला कारण शोधावं लागतं, हो म्हणायला ती कधीची तयार होती.

"खरंच सांगाल?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"आत्ता कोणी आलं तरी सांगतो."

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात तिच्या हातापाशी आला होता, अजून लागला नव्हता. ती "हो" म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला होता.

जिन्यावर पावलं वाजली आणि वर आले हेमराजभाऊ. कुलदीपच्या दुकानासमोर त्यांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. मानेवर नायटा झाला होता, तो खाजवतच आले.

"अरे, कुलदीप! तू कायले इथी?"

कुलदीपचा हात मागं गेला. मृणालनं तो जाताना पाहिला.

"काही नाही भाऊ," तो म्हणाला. एका श्वासात म्हणाला, अडखळलासुद्धा नाही. "यांच्या केसांचं दाखवायचं होतं. एकट्या येतात, म्हणून मी सोबत आलो."

हेमराजभाऊंनी मृणालच्या डोक्याकडे पाहिलं, मग कीव आल्यासारखा चेहरा करून मान हलवली. "हो का. होते होते, ठीक होते. आमच्या मेव्हण्याच्या पोरीचंही असंच झालं होतं."

त्याच वेळी जयश्रीताई दारात आल्या. "कुलदीप, चला आत. तुमचं रक्त घ्यायचं आहे. मागच्या वेळचे टाळूचे फोटो आणले का?"

कुलदीप उठला नाही. तो मोबाइलमध्ये बघत राहिला, जणू कुलदीप नावाचा दुसराच कोणी तिथं बसला असावा. हळूच, ओठ न हलवता तो तिला म्हणाला, "दोन मिनिटं थांब ना. हे आत गेले की जातो. मग आपण बोलू."

मृणाल उभी राहिली. तिला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण ओरडू. पण आवाज अगदी वर्गातला निघाला, मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जाईल असा.

"भाऊ, माझे केस गळत होते, खरं आहे. मी इलाज घेऊन राहिली. यांचेही गळतात, हेही तोच इलाज घेऊन राहिले. आम्ही सोबत नाही आलो. तुम्ही बसा, यांच्याशी बोला. जयश्रीताई, आधी माझं घ्या."

हेमराजभाऊ खाजवायचे थांबले. कुलदीप तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते प्रेमच होतं, हे तिला दिसत होतं. खोटं नव्हतं ते. फक्त त्याच्या उपयोगाचं नव्हतं, तिच्याही नाही.

"मृणाल," तो म्हणाला, "ऐक ना..."

ती आत गेली. जयश्रीताईंनी दार लोटलं. रक्त काढलं, फिरवलं. मग ती खुर्चीवर मागं रेलून बसली, डॉक्टरांनी भांगावर बर्फ फिरवला, सुई घेतली.

"हलू नका हं आता," ते म्हणाले.

ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कानांकडे उतरत गेलं, तरी तिनं मान हलू दिली नाही, हुंदकासुद्धा येऊ दिला नाही. डॉक्टरांचं लक्ष सुईवर होतं. जयश्रीताईंनी कापसानं तिचे कान पुसले, एकदा, मग पुन्हा, आणि हळूच म्हणाल्या, "झालं बाई, झालं. थोडंच राहिलं."